गालावरचा साबण

बेडकाने पाय उचलला आणि कुशीवर चिकटवलेला कागदाचा तुकडा पुसून टाकला. झालं ते एवढंच. पण बेडकाला डोकं नव्हतं. ते मघाशी तिनेच काढलं होतं. तोंडाच्या कोपऱ्यात कात्रीचं एक पातं घालायचं, कानामागून सरळ कापायचं, वरचा भाग मेंदूसकट वेगळा होतो. खालचा जबडा तेवढा राखायचा, म्हणजे स्टँडच्या आकड्याला बेडूक टांगता येतो. वर्गातले निम्मे लोक आपापले बेडूक तिच्याकडे आणून देत, कारण तिचा हात थरथरत नसे. "तुझे वडील गाडी शिकवतात म्हणे, मला वाटलं मटणाचं दुकान आहे," असं तिच्या टेबलावरचा जोडीदार, ज्याला सगळे चष्मिस म्हणत, दर वेळी म्हणायचा, आणि ती दर वेळी हसायची. आज ती हसली नाही. पातळ ॲसिडमध्ये बुडवलेला टिपकागदाचा चौकोन चष्मिसने पुन्हा चिमट्याने उचलून बेडकाच्या दुसऱ्या कुशीवर लावला, आणि त्या बाजूचा पाय वर आला, अगदी हव्या त्या जागी, आणि कागद पुसून खाली लोंबू लागला. शरीरक्रियाशास्त्राच्या मॅडम टेबलाशी आल्या. आता तो पाय धरून ठेव म्हणाल्या. चष्मिसने धरला, कागद पुन्हा लावला, तेव्हा धरलेला पाय थोडा धडपडला आणि मग दुसऱ्या बाजूचा पाय वाकडा होऊन आला आणि त्याने काम उरकलं. मागच्या टेबलावरची एक मुलगी म्हणाली, हा तर विचार करतोय. सगळे हसले. "विचार करायला जागाच कुठे ठेवलीय तुम्ही त्याला?" मॅडम म्हणाल्या. "हे सगळं मज्जारज्जूचं काम. खालच्या खाली होतं. आपल्याला वाटतं त्याला कळलं, पण कळायला आत कोणी नाहीये." मग घंटा झाली. उरलेलं थिअरीच्या तासाला घेऊ, असं म्हणून त्या हात धुवायला गेल्या. ती बेडकाकडे बघत उभी राहिली. तिला बाबांचा डावा हात दिसत होता.

बाबांचा पलंग बाहेरच्या खोलीत होता, जिथे पूर्वी गाडी शिकायला येणाऱ्यांची बसायची बाकडी होती. भिंतीवर अजून रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते होते, वळण, अरुंद पूल, शाळा, थांबा. लिहायला-वाचायला ती त्यांवरच शिकली. बाबांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि तो इतकी वर्षं दाबून त्यांच्या उजव्या पायाला सवयच लागली होती. टीव्हीवर कोणी रस्ता ओलांडायला लागलं की सोफ्यावर बसल्याबसल्या त्यांचा पाय फरशीवर दाबला जायचा. झोपेतसुद्धा ब्रेक मारतात, शेजारी झोपायची सोय नाही, असं आई मावशीला सांगायची आणि बाबा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, म्हणून तर संसार कुठे धडकला नाही. त्यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला तो गाडीतच. शिकाऊ माणूस चालवत होता. सर आज गप्प आहेत, खिडकीला टेकून बसलेत, म्हणजे आपली परीक्षा घेताहेत, असं त्याला वाटलं. कोणी ओरडत नसल्यामुळे त्याने गाडी फार छान चालवली. मैदानाला दोन चकरा मारून त्याने मोठ्या अभिमानाने गाडी दारात उभी केली, आणि विचारलं, जमलं का सर. हे तो नंतर सगळ्यांना रडून सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला हसू दाबताना फार त्रास व्हायचा. तिला तर व्हायचाच. नंतर झोपताना तीच गोष्ट आठवली की ती कूस बदलत पडायची.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती, वाचा गेलेली होती, डोळे बहुतेक वेळ मिटलेले. नाकातून नळी. किती राहिलंय आत, असं आईने विचारलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. सांगता येत नाही, वाट बघायची, म्हणाले. आई वाट बघण्यातली पट्टीची. तिने बघायचं म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघायचं ठरवलं. कुशी बदल, पावडर लाव, नळीतून पेज घाल, आणि हे सगळं करताना बोलत राहा: शेजाऱ्यांनी रंग काढलाय, तुमच्या गाडीचं टायर बसलंय, लेकाचा फोन आला होता. लेक, म्हणजे तिचा भाऊ, दुसऱ्या शहरात नोकरीला. तो रविवारी फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा. त्या सकाळी, बेडकाच्या आदल्या दिवशी, आई बाबांची दाढी करत होती आणि ती समोर बसून मेंदूची आकृती काढत होती. फेसाचा एक ठिपका बाबांच्या डाव्या डोळ्याखाली गालावर उडाला. आई वस्तरा धुवायला वळली होती. पांघरुणातून बाबांचा डावा हात बाहेर आला, बोटांच्या मागच्या बाजूने त्याने तो फेस पुसला, आणि हात पुन्हा पांघरुणात गेला. आई वळली तेव्हा तिने हात परत जाताना तेवढा पाहिला, पण तेवढंही पुरलं. "बघितलंस? तू बघितलंस ना? साबण पुसला त्यांनी. आपल्या हाताने पुसला." मग ती अर्धी दाढी तशीच ठेवून फोनजवळ गेली. आत्या, मावशी, मुलगा, वरच्या मजल्यावरच्या बाई, सगळ्यांना तिने साबण सांगितला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आईला फेसाचा मिळाला. त्या दिवशी घरात कित्येक महिन्यांनी कोणीतरी गुणगुणलं, आणि ती आई होती.

आता बसमध्ये बसून ती बोटांचा वास घेत होती. कितीही साबण लावला तरी बेडकाचा वास दोन दिवस जात नाही. आत कोणी नाहीये. मॅडम किती सहज म्हणाल्या. घर रिकामं असलं तरी दाराची बेल वाजते, तसं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि हे आईला सांगायचं नाही असं तिने ठरवलं. कशाला सांगायचं? पण एकदा मनाने घेतलं की घेतलंच. घरी पोचल्यावर बाबांनी जांभई दिली तेव्हा तिला फक्त जबडा आणि नस दिसली. आईने त्यांच्या तळहातात बोट ठेवलं आणि त्यांनी ते धरलं, तेव्हा तान्ही मुलंही असंच धरतात, पुस्तकात आहे, असं तिच्या डोक्यात आलं. आई बोलत होती, अहो आज कॉलेजातून आली बघा तुमची लेक, आणि तिला वाटलं, ही कोणाशी बोलतेय? हे वाटलं त्याची तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, तळाशी, एक सुटल्यासारखंही वाटलं. कारण आत कोणी नसेल तर कोणी इतके दिवस छताकडे तोंड करून तिच्या पायांचा आवाज ऐकत पडलेलं नव्हतं. कोणी तिची वाट बघत नव्हतं, ती मैत्रिणीकडे मुद्दाम उशीर करत होती ते कोणाला कळत नव्हतं. सहामाही परीक्षा तोंडावर होती आणि खोलीत सगळा वेळ औषधांचा नि पावडरीचा वास होता. ती थकली होती. हे सगळं संपायला हवं असं तिला वाटत होतं, आणि कसं संपायला हवं ते ती स्वतःलाही विचारत नव्हती.

एका दुपारी आई औषधं आणायला गेली तेव्हा तिने टिपकागदाचा चौकोन कापला. ॲसिड नव्हे, साध्या पाण्यात भिजवला, आणि बाबांच्या डाव्या गालावर लावला. मग खुर्चीत बसून ती बघत राहिली, जशी प्रॅक्टिकलला बघायची. बराच वेळ काही नाही. मग पांघरूण हललं, हात आला, सावकाश, चाचपडत, आणि कागद पुसून खाली गेला. तिच्या मनात पहिला शब्द उमटला तो "आला" असा होता, प्रयोग जमल्याचा. मग तिला पुढची पायरी आठवली. तिने कागद पुन्हा लावला आणि बाबांचा हात मनगटाशी गादीवर दाबून धरला. दुसरा हात येणार नव्हताच, तो मेलेला होता. तरी तिने डावा धरून ठेवला. तिच्या पंजाखाली बाबांचा हात थोडा ताणला गेला. त्याने थोडा आणखी जोर लावून बघितला. मग तो थांबला, वळला, आणि बोटं तिच्या अंगठ्याभोवती मिटली. ती बोटं गरम होती आणि नखं वाढलेली होती. धरण्याची प्रतिक्षिप्त क्रिया, तिने मनात नोंद केली, आणि अंगठा सोडवून घेतला. कागद तिने स्वतःच्या हाताने गालावरून काढला. जिन्यावर आईच्या चपला वाजल्या तेव्हा ती पुस्तक उघडून बसली होती, आणि ते तिने उलटं धरलेलं नव्हतं, इतकी ती शांत होती.

पुढच्या आठवड्यात बाबांना ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर आले, त्यांनी छाती ऐकली, दुखल्याचं कळतं का म्हणून नखावर पेनने दाबून बघितलं; तापाच्या ग्लानीत बाबा नुसते कण्हले. हे डॉक्टर जुने, बाबांकडेच गाडी शिकलेले, आणि अजूनही बाबांसमोर जरा सावरून उभे राहणारे. ते हळू आवाजात म्हणाले की दोन रस्ते आहेत. दवाखान्यात न्यायचं, घशात नळी घालायची, श्वासाच्या मशीनवर ठेवायचं. निभावेल कदाचित, पण फार हाल आहेत. नाहीतर इथेच ठेवायचं, त्रास होऊ नये एवढं औषध द्यायचं. त्यांना कळतंय, ओळखतायत, असं तुम्हाला वाटत असेल तर पहिला. नसेल तर, असं म्हणून ते थांबले. आईने साबण सांगितला. डॉक्टरांनी मान हलवली, पण ती मान ऐकल्याची होती, पटल्याची नव्हती. त्यांनी तर साबण बघितला नव्हता. असं घरच्यांना दिसतं कधीकधी, ते म्हणाले, तुम्ही बोलून घ्या. आणि ते हात धुवायला मोरीत गेले. नळ चालू होता तेवढ्या वेळात आई तिच्याकडे वळली. आईने तिच्याकडे इतकं सरळ कधी बघितलं नव्हतं; एरवी तिचं बघणं नेहमी काहीतरी करता करता असायचं.

"तू रोज हेच शिकतेस," आई म्हणाली. "यांना कळतं का? मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. खरं असेल ते सांग."

खरं. तिला वाटलं, इतक्या वर्षांत आईने आपल्याला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर आईला येत नाही आणि आपल्याला येतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं आईच्या तोंडी नेहमी असायचं, शेजारच्या मुलाने इंजिनीअरिंगला जाऊन दुसऱ्या महिन्यात सगळ्यांचे पंखे उघडले तेव्हा विशेष. ते त्या क्षणी तिला का आठवलं नाही? तिला मॅडमचा आवाज आठवला, स्वच्छ, कोरडा, शंकेला जागा नसलेला, आणि तिने तोच आवाज लावला. तिने आईला बेडूक सांगितला. डोकं काढलेलं असतं, आई. मेंदूच नसतो. तरी कुशीवर काही लावलं तर पाय बरोबर तिथे येतो आणि पुसतो. ते खालच्या खाली होतं, कण्यातून. बघणाऱ्याला वाटतं त्याला कळलं. मी स्वतः केलंय, स्वतःच्या हाताने. बाबांचा साबण तसा आहे. आईने विचारलं, म्हणजे कळायला आत... आणि तिने वाक्य पुरं केलं. कोणी नाहीये, ती म्हणाली. मोरीतला नळ बंद झाला. आई थोडा वेळ पलंगाच्या दांडीवर हात फिरवत राहिली, मग तिने डॉक्टरांना सांगितलं की इथेच राहू दे. भावाला फोन केला, तेव्हा तोही म्हणाला की ती शिकतेय, ती म्हणते तर बरोबरच असणार. तिला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं, आणि फार झोप आली.

बाबा चौथ्या दिवशी सकाळी गेले. ती तेव्हा कॉलेजात होती, परीक्षेचे अर्ज भरायचे होते. आई एकटीच होती जवळ. माणसं आली, गेली. गाडी शिकायला यायचे ते लोक आले, दाराबाहेर एकामागे एक गाड्या लागल्या, सगळ्या नीट, रस्त्याच्या कडेला समांतर. भिंतीवरचे तक्ते कोणीतरी काढू या म्हणालं, आई नको म्हणाली. आई रडली ती थोडीच. सुटले, असं ती येणाऱ्याला म्हणायची, त्यांना कळत नव्हतं ते एक बरं, आणि लेकीकडे बोट करायची. पण जेवणाचं ताट पुढे ठेवलं की तिचा हात ताटाजवळ जाऊन थांबायचा.

ती पुन्हा तासाला बसली तेव्हा मॅडम प्रॅक्टिकलला राहिलेलं तेच घेत होत्या. फळ्यावर त्यांनी मासा, बेडूक, पक्षी आणि माणूस यांचे मेंदू ओळीने काढले होते, डावीकडून उजवीकडे मोठे होत गेलेले. त्या म्हणाल्या की बेडकाचं बघून तुम्ही सगळे हसलात, पण आता नीट ऐका, कारण इथे मुलं हमखास चुकतात. बेडकाचा मज्जारज्जू पुष्कळ कामं स्वतःच्या अखत्यारीत करतो. जसजसं वर याल तसतसे खालचे अधिकार काढून घेतलेत आणि मेंदूकडे दिलेत. माणसाच्या कण्याकडे काय उरलंय? चटका बसला की हात मागे घेणं, असली ढोबळ कामं. "पण गालावर बसलेली माशी हाकलायची," त्या म्हणाल्या आणि खडू ठेवून त्यांनी खरंच गालावरून हात फिरवला, "तर एवढ्यालाही वरून हुकूम लागतो. कुठे बसलीय ते कळावं लागतं. माणूस बेडूक नाही." वर्ग हसला. ते वाक्य सगळ्यांनी लिहून घेतलं, आणि तिनेही घेतलं. तिचं अक्षर नेहमीसारखंच आलं. मग सबंध तास तिला फक्त तिच्या अंगठ्याची जाणीव होत राहिली. तो गरम होता. तिने तो मुठीत लपवला, मांडीखाली दाबला, तरी होता.

तास संपल्यावर ती टेबलाशी गेली. मॅडम फळा पुसत होत्या. तिने विचारलं, एखादा माणूस बेशुद्ध असेल, बोलत नसेल, डोळे उघडत नसेल, आणि तरी त्याने गालावर लागलेलं काही हाताने पुसलं, तर? मॅडमनी मागे न वळता सांगितलं, मग तो तितकासा बेशुद्ध नाही. निदान काही जागं आहे. मग त्या वळल्या आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी डस्टर खाली ठेवलं. "का गं?" तिच्याकडे नुकतंच काय घडलंय ते त्यांना आठवत असावं किंवा आठवत नसावं. "काही नाही," ती म्हणाली, "परीक्षेला येईल म्हणून." येऊ शकतं, मॅडम म्हणाल्या. ती बाहेर पडली. व्हरांड्यात चष्मिस काहीतरी बोलला, तिने मान हलवली. संडासात जाऊन तिने कडी लावली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. रडू आलं नाही. ती परत परत तो हात गादीवर दाबून धरत होती आणि तो परत परत जोर लावून बघत होता, थांबत होता, वळत होता. त्यांना नको होतं ते. त्यांना कळलं होतं की कोणीतरी हात धरलाय, आणि कोण ते कळल्यावर त्यांनी ओढाओढ सोडून दिली. त्यांना सगळं ऐकू येत असेल का? बेडूक ऐकू आला असेल? पलंगाच्या दांडीपासून ती हातभर अंतरावर उभी होती तेव्हा.

घरी आत्या आली होती. बाबांची थोरली बहीण, सरळ बोलणारी, आई तिच्यापुढे इतकी वर्षं पदर सावरून वागलेली. दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या आणि मध्ये चहा गार झाला होता. आत शिरल्याशिरल्याच तिला कळलं की काहीतरी बोलणं झालंय. आईचं तोंड उतरलं होतं. "ही आली, हिलाच विचारा," आई म्हणाली. आत्याने तिला जवळ बसवलं. म्हणाली, मी कोणाला दोष देत नाही बाळा, पण माझ्या भावाला दवाखान्यात नेलं नाही हे मला खातंय. तुझी आई म्हणते त्याला काही कळत नव्हतं. साबण पुसला म्हणून तिनेच मला फोन केला होता ना? आई तिच्याकडे बघत होती, त्या दिवशीसारखं, सरळ. पण आता त्यात प्रश्न नव्हता, धास्ती होती. आपण एवढे महिने उचललं, कूस बदलली, पेज घातली, आणि शेवटी आपणच यांना जाऊ दिलं, हे त्या बाईला पुढची सगळी वर्षं वागवायचं होतं, आणि ती कशाच्या आधाराने उभी होती ते फक्त मायलेकींना माहीत होतं. तिने दप्तर खाली ठेवलं. मग तिने आत्याला बेडूक सांगितला. सावकाश, पायरीपायरीने, मॅडमच्या आवाजात. कात्री, आकडा, कागद, उचललेला पाय. बेडकाबद्दल ती जे बोलली त्यात एक शब्दही खोटा नव्हता. माणसाचंही तसंच असतं का, आत्याने विचारलं. तसंच असतं, ती म्हणाली. आत्याने डोळे पुसले, आईचा हात हातात घेतला, आणि म्हणाली, मग ठीक आहे गं, मग तू बरोबर केलंस.

आत्या गेल्यावर आईने दिवा लावला आणि कपबशा गोळा करायला घेतल्या. एक कप हातात घेऊन ती तशीच थांबली.

"तुला एक सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "ते गेले त्या दिवशी सकाळी, तू कॉलेजला गेल्यावर, मी त्यांचं तोंड पुसत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला. आणि मग धरला. सोडेचनात. डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. मी डॉक्टरांना फोन करणार होते, गाडी घेऊन या, नेऊ या म्हणून. मग म्हटलं, तू सांगितलंयस ना सगळं. उगीच आपल्या मनाचे खेळ." तिने कप बशीवर ठेवला. "तेही तसलंच ना?"

भिंतीवरच्या तक्त्यांवर दिव्याचा उजेड पडला होता. तिला आईचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावरचं सगळं तिच्या एका शब्दावर थांबलेलं होतं.

"हो," ती म्हणाली. "तेही तसलंच."

"झालं तर मग," आई म्हणाली, आणि कपबशा घेऊन आत गेली. थोड्या वेळाने आतून ताटं मांडल्याचा आवाज आला, आणि आईने तिला जेवायला हाक मारली.